रिगोदाँचं नाव

३ मार्च १७३४, पॅरिस

बाबांनी माझा रिगोदाँ, मी रचलेला नाच, चोरला! दुसरा शब्दच सुचत नाही.

सकाळी मी आतल्या खोलीत हार्पसिकॉर्डच्या तारा छेडायला लागणारी कावळ्याची पिसं तासत होते. बाहेर बाबा मस्यू ओदिबेरना आपल्या सुरावटींच्या नव्या पुस्तकातला शेवटचा नाच वाजवून दाखवत होते. छपाईसाठी तांब्याच्या पत्र्यावर सूर कोरायचं काम ओदिबेरांचंच. पहिल्याच सुराला उडी, मग डाव्या हाताचा ठेका — माझाच! नाताळात लिहून वह्यांखाली दडवलेला.

"या वयात इतका खट्याळपणा!" ओदिबेर म्हणाले. बाबा नुसते हसले.

हातातलं पीस मोडलं.

४ मार्च

दुसरं पीस तासायला घेतलं. तेही मोडलं.

६ मार्च

शेवटी विचारलंच. बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "पुस्तकाच्या शेवटी नाच हवा होता, सिदोनी. मला आता सुचत नाही."

"मग माझं नाव घाला."

"आणि लोकांनी म्हणायचं, म्हातारा आटला?"

आत्या स्वयंपाकघरातून ओरडली, "दोघंही सारखेच हट्टी! सूप गार झालं!"

कुणीच उठलं नाही.

११ मार्च

आमच्याकडे संगीताच्या प्रत्येक तुकड्याला नाव लागतंच. कुणा सरदारणीचं, नाहीतर स्वभावाचं — 'रुसकी', 'नखरेल'. आज बाबांनी विचारलं, "या नाचाला काय म्हणू?"

"तुमचाच आहे ना? तुम्हीच ठरवा."

झोंबलं त्यांना. मला बरं वाटलं. मग वाटेनासं झालं.

दुपारी ते एकटेच तो वाजवत बसले होते. डावा हात तिसऱ्या ओळीत अडखळतो. बोटं वाकत नाहीत आता. याच बोटांवर माझी बोटं ठेवून त्यांनी मला शिकवलं. मी दाराआड उभी होते. राग गेलेला नाही. पण प्रत्येक वेळी ते अडखळले की माझाच हात पुढे व्हायचा.

२ एप्रिल

तपासायला पहिले छापील कागद आले. पहिल्या पानावर फक्त बाबांचं नाव. शेवटच्या पानांवर रिगोदाँ, आणि त्याच्या डोक्यावर — 'कबुली'.

"इतका नाचरा तुकडा आणि हे नाव?" ओदिबेर वैतागले. "अजून बदलता येईल, मस्यू."

"राहू द्या," बाबा म्हणाले. मग मला म्हणाले, "बस. तू वाजव."

वाजवला. पान उलटायला बाबा शेजारी उभे राहिले.