धाकटीला पाण्यातच ठेवावे

मी, शिडे शिवून म्हातारी झालेली, गुडघे निकामी पण डोके शाबूत असलेली बाई, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. दडपण आणणारे केव्हाच थकले.

१. धक्क्यामागचे घर भावाला. छप्पर गळते. ते त्याने वर्षानुवर्षे चालवून घेतले. बोटीत मात्र थेंब दिसला की त्याचा जीव वरखाली होतो.

२. शिलाई मशीन आणि दाभण पुतणीला. कात्रीही. ती वहिनीने पुठ्ठे कापून बोथट केली आहे, आधी धार लावून घ्यावी.

३. आता बोट. शंभरी ओलांडलेली, जेमतेम दोघांना झोपता येईल अशी शिडाची नौका. दातांच्या एका डॉक्टरने सुट्टीत बायकोसोबत किनाऱ्याकिनाऱ्याने भटकायला बांधून घेतली, आणि बायकोला निघाली बोट लागायची सवय. मग बोट एका मास्तरांकडे गेली. युद्धात तिचा तोल राखायला तळाशी घातलेले शिसे सरकारने काढून नेले, मास्तरांनी त्या जागी दगड भरले. त्यांच्याकडून आमच्या वडिलांनी घेतली. ते तिला ‘धाकटी’ म्हणत. लाड तिचे, आणि तिची शिडे शिवायची मी. तो राग अजून गेलेला नाही.

वडिलांमागे ती माझ्या नावावर आली, पण भावाने तिला शेडमध्ये ठेवले. लाकूड सुकले, फळ्यांत फटी पडल्या. अशी बोट पाण्यात सोडली की आधी गळतेच. फळ्या भिजून फुगल्या की फटी मिटतात. तेवढा धीर आमच्या घराण्यात नाही. दर वर्षी भाऊ तिला उतरवतो, “ताई, बुडतेय गं!” म्हणून बोंब ठोकतो, वर ओढतो आणि फटी लांबीच्या लगद्याने बुजवतो. लांबी कडक झाली की फळीला फुगायला जागा उरत नाही, मग फळीच तडकते. सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला.

माझ्यामागे तिला पाण्यात सोडावे, असे इथे लिहिणार होते. वकील म्हणाले, “आजी, तुम्ही असताना कोणी ऐकत नाही, मग नंतर कोण ऐकणार?” पटले. म्हणून बोट या मृत्युपत्रातून वगळली आहे. आज सकाळी ती पुतणीला देऊन टाकली आणि तिने लगेच उतरवली. खिडकीतून दिसते आहे, आत पाणी भरते आहे. जन्मभर जिचा दुस्वास केला, तिच्यासाठी खिडकीशी खुर्ची ओढून बसले आहे.

भाऊ दारात उभा आहे. “ताई, आजच्या दिवस वर काढू दे. बुडाली म्हणजे?”

बुडू दे. वर काढायची नाही.

सही: थोरली
साक्षीदार: शेजारच्या नर्सबाई, क्रेनवाला (भावाने बोलावले तरी येणार नाही, असे कबूल करून)
स्थळ: धक्क्यावरची खोली
दिनांक: वकील घालतील. माझे लक्ष बाहेर आहे.