बदामांचं पडकं

४ मे, सोमवार
ठरलं! गावाचं नाव बदलायचं. खिरबत अल-लोझ, म्हणजे बदामांचं पडकं! आजूबाजूला निम्मी गावं 'खिरबत'च आहेत. असतील. त्यांना लाज नाही. शुक्रवारी माझ्या रवानला मागणी घालायला इरबिदहून वडीलधारी मंडळी येतायत. लेकीला सासरी 'पडक्यातली' म्हणतील? या अबू गालिबची मुलगी? शक्यच नाही.

५ मे
नवं नाव: कस्र अल-लोझ. बदामांचा महाल! बायको म्हणाली, महालात नळाला पाणी कधी येणार तेवढं सांगा. मी लक्ष दिलं नाही.

७ मे
हमरस्त्यावरची पाटी बदलली. अक्षरं थोडी तिरकी आलीत, पण चालत्या गाडीतून कळणार नाही. परवानगीचं नंतर बघू. जुनी पाटी कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकली. तिची लायकी तीच. रवान म्हणाली, बाबा, त्यांना माहितीये मी कुठली ते. भोळी आहे पोर.

८ मे, दुपार
जेवण गार पडलं. मंडळी नाहीत. ट्रॅफिक असणार.

८ मे, संध्याकाळ
ट्रॅफिक नव्हतं. 'खिरबत' दिसेना म्हणून पुढच्या खिरबतमध्ये गेले, ते थेट अबू शाहिरच्या दारात. माझा जन्माचा वैरी! पाहुण्याला कारण विचारायचं नाही ही आमची रीत, म्हणून त्याने बसवलं, कॉफी दिली. मंडळींतल्या सर्वांत थोरल्या हाजी मुत्लकनी रीतीप्रमाणे कप न पिता खाली ठेवला (होकार मिळाल्यावरच प्यायचा असतो) आणि मुलगी मागितली. अबू शाहिरला सगळे मुलगेच! म्हणाला, हाजी, हवा तर यातला एखादा घेऊन जा. मग खिदळत स्वतःच सगळ्यांना माझ्याकडे घेऊन आला. आणि जेवलासुद्धा!

माझ्याकडेही हाजींनी कप खाली ठेवला. म्हणाले, अबू गालिब, मागणी आहे ती खिरबतच्या मुलीला. माझी आई याच गावची, मरेपर्यंत अभिमानाने 'पडक्यातली' म्हणवून घ्यायची. आधी पाटी, मग कॉफी.

मी बाणेदारपणे मान ताठ ठेवली. रवान दाराआडून बघत होती. तिचे डोळे भरलेले. मग मी हो म्हणालो. स्वखुशीने. कोणाच्या दबावाखाली नाही.

९ मे
जुनी पाटी परत लावली. शिडी अबू शाहिरने धरली, बोलावलं नसताना. माघार म्हणू नये याला. नाव मी बदललंच होतं, दोन दिवस का होईना.

खुराडं उघडं पडलं म्हणून बायकोने त्यावर नवी पाटी टाकली.

कोंबड्या महालात राहतात. आम्ही खिरबतमध्ये.