दारामागचे पाच रिकामे खिळे

तीर्थरूप मामांना,

कंबरेत वाकता येत नाही, म्हणून उभ्यानेच नमस्कार (कारण पुढे येईल). तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? आईला सांगा, मी वेळेवर जेवतो. (जेवतो. वेळेचं सोडा.)

मामा, मला लाकडाचा कंटाळा आलाय. तुम्ही चिठ्ठी देऊन मला तुमच्या जुन्या मिस्त्रींकडे धाडलंत, तेव्हा वाटलं होतं, दार, टेबल, खुर्ची, झालं. पण इथे लाकूड संपतच नाही. झोपतो फळ्यांवर, उशाला ठोकळा. केसांत भुसा, चहात भुसा, कानात तर बी टाकलं तर उगवेल. दाराला पाचर लाकडाची, चहा ढवळायला ढलपी, दात कोरायला तिचीच काडी. कारखान्याचे मालक ओरडले की मी ओंडक्यांमागे लपतो आणि ते मला जिने ढोसून बाहेर काढतात ती पट्टीही लाकडाचीच. हे पत्र लिहितोय ती पेन्सिल लाकडाची. कागद कशाचा करतात ते परवा कळलं, तेव्हा मी बाहेर जाऊन लोखंडी फाटकाला टेकून जरा वेळ उभा राहिलो. जिवाला बरं वाटलं. मिस्त्री म्हणतात, "याच्यापेक्षा भुसा बरा. झाडून लावला तिथे बसतो तरी."

आता झालं ते सांगतो. सोमवारी लाकूड चिकटवायचा सरस वितळवायला चूल पेटवायची होती. ढलप्या ओल्या, नुसता धूर. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे, वाट बघणं माझ्याने होत नाही. दारामागे पाच खिळ्यांना पाच पातळ फळ्या लटकत होत्या, वाळून खडखडीत आणि सगळ्या वाकड्या. मला वाटलं, कापताना चुकलेल्या असतील. (इथे वाकडं कापलेलं सगळं माझंच असतं, म्हणून शंकाही आली नाही.) काय पेटल्या मामा! सरस असा वितळला की मिस्त्री म्हणाले, "आज जमलं रे तुला." दोन महिन्यांत पहिल्यांदा. आणि मग दारामागे गेले.

ते फर्मे होते. फळीवर फर्मा ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची, की खुर्चीच्या पायाचं, हाताचं, पाठीचं वळण तसंच्या तसं उतरतं. हे तुम्हाला माहीत आहे. मला चूल विझल्यावर कळलं. मिस्त्री ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एका रिकाम्या खिळ्याला नुसती टोपी अडकवली. रोज अडकवतात. मी रोज बघतो.

मालकांनी एका सभागृहाच्या साठ खुर्च्या त्याच वळणाच्या कबूल केल्यात. चार फर्मे मिस्त्रींनी पुन्हा केले. मागच्या पायाचा जमत नाही. आठवून आठवून कापतात, खुर्ची जोडतात आणि मला म्हणतात, "बस." सात वेळा बसलो. पहिलीने मला पुढे ओतलं, तिसरीने मागे फेकलं. पाचवी फार वाईट, मी निवांत होईपर्यंत थांबली आणि मग बसली स्वतःच. कंबर तिथे गेली. नमुना बघावा तर जुन्या खुर्च्या सगळ्या विकल्या गेलेल्या. मिस्त्रींच्या स्वतःच्या घरी प्लॅस्टिकची आहे. (का, म्हणून विचारलं. "रंधा मार," म्हणाले.) पंचवीस तारखेपर्यंत पाय जमला नाही तर मालक मला घरी पाठवणार आहेत.

पाठवू देत. हा धंदा माझा नव्हे. लोखंडाचं काहीतरी बघेन. सगळ्यांना नमस्कार.

तुमचा
चुळबुळ्या

ता.क. : जायचं नाही हो मला मामा. "आज जमलं रे तुला" हे अजून एकदा ऐकायचंय. तुमची खिडकीतली खुर्ची, इथलं काम सोडताना मिस्त्रींनी निरोपाला मायेने दिलेली असं प्रत्येक पाहुण्याला सांगता ती, त्याच फर्म्याची ना? तिचा मागचा पाय काढून पाठवा. डावा. उजवा मी झुलून मोडला होता आणि तुम्ही अंदाजाने बसवलाय. तोवर खाली विटा लावा.

ता.क. दुसरा : कागदावर आखून पाठवू का, म्हणाल. नको. मामी आखणार, तुम्ही शेजारी उभं राहून सांगणार. त्यातून जे वळण येईल त्यावर साठ माणसं बसायचीत.

ता.क. तिसरा : पत्र चिकटवण्याआधी मिस्त्रींना सांगून टाकलं, पाय मागवतोय म्हणून. त्यांनी कानावरची पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, "म्हणजे आहे अजून? पाहुणे यायचेत, दोन दिवसांत आणून देतो, म्हणून नेली माझी खुर्ची तुझ्या मामाने. एकतीस वर्षं झाली. पाहुणे गेले का विचार." मी पेन्सिल उचलून त्यांच्या हातात दिली. मग म्हणाले, "नुसता पाय नको. अख्खी आणायला सांग. त्यालाच."

तेव्हा खुर्ची घेऊन लगेच निघा. मी फाटकाशी उभा असेन. आत दोघं बरोबर जाऊ आणि माफी मागू. तुमची जुनी आहे, आधी तुम्ही.