धुतलेल्या चादरी

रविवार, दुपार

प्रिय रफूवाली,

तुझं पत्र सोमवारी आलं. इकडे माझी तब्येत ठणठणीत आणि डोकं नेहमीसारखं गरम. आईचा गुडघा बरा आहे. "पोरीला म्हणावं, वेळेवर जेवत जा," असा तिचा निरोप. इस्त्रीच्या टेबलावर मावशी परत आल्यात. आल्या आल्या मला म्हणाल्या, "काय रे भडकू, कॉलेज अर्ध्यात सोडलंस. पोरीचं तरी पुरं करणार आहेस ना?" सगळे हसले. मीही हसलो. तू तिथे नव्हतीस म्हणून हसता आलं.

तू विचारलंस, शेठचं बोलावणं आलंय, लॉन्ड्री खरंच पहिल्यासारखी झाली का, नीट बघून कळव. हॉस्पिटलवाले तुला कायम करतायत, येत्या शनिवारपर्यंत हो की नाही सांगायचंय, आणि "आमचे सुपरवायझर" त्यापुढे थांबणार नाहीत. हे सुपरवायझर एका पत्रात किती वेळा येतात गं? "स्वभावाने फार शांत आहेत." असतील. शांत माणसांवर माझा विश्वास नाही. चहा तो तुला आणून देतो की तू त्याला, एवढंच कळव.

असो. लॉन्ड्रीचं सांगतो.

फाटकावर शेठने फळा टांगलाय. 'धंदा गेल्या वर्षीच्या तिप्पट!' मी तोंडावर विचारलं, "शेठ, गेल्या वर्षी एकच मशीन घरघरत होतं, तेही अर्धा दिवस. हॉटेलं बंद पडून आपली माणसं पांगायच्या आधीशी तुलना करा ना." शेठ म्हणाले, "कॉलेज सोडून पळालेल्यांनी मला गणित शिकवू नये." आडव्या पडलेल्या माणसाला उठवून बसवायचं आणि त्याची उंची वाढली म्हणून टाळ्या घ्यायच्या, तसला प्रकार. पण तुझ्यापासून काय लपवायचं, आतून मलाही तो फळा आवडला होता. तिप्पट म्हणजे तू येणार.

आणि दिसायला सगळं अगदी पहिल्यासारखंच आहे. सगळी मशीनं फिरतात, वाफेने काचा धुरकट होतात, व्हॅन सकाळी स्वच्छ घड्या घेऊन जाते, दुपारी मळकी गाठोडी आणते. तुझं खिडकीजवळचं टेबल पुसलंय. शिवणयंत्राला तेल मी घातलं.

पण तुझ्या टेबलाखालचा पत्र्याचा डबा रिकामा आहे.

चादरींत सापडलेल्या वस्तू आपण त्यात टाकायचो ना, तो. पूर्वी आठवडाभरात भरायचा. केसांच्या पिना, पोरांचे एकेकटे मोजे, एकदा तर कवळी निघाली होती आणि ती घेऊन तू मावशींच्या मागे धावली होतीस. आता महिनाभर मशीनं फिरतायत आणि डब्यात साधी पिन नाही. चादरीवर लिपस्टिक नाही, चहा नाही. माणसं एवढी शहाणी कधी झाली? हॉटेलात जाऊन कुणी काही विसरत नाही, सांडत नाही, उशीत तोंड खुपसून रडतसुद्धा नाही?

आधी मला मावशींचा संशय आला. विचारलं, तर त्यांनी गरम इस्त्री उगारली. मग व्हॅनच्या ड्रायव्हरचा आला. शेवटी तुझ्या खणातला लाल दोरा घेतला आणि एका चादरीच्या कोपऱ्यात टाका घातला. ती चादर सकाळी घडी करून व्हॅनमध्ये चढवली. दुपारी तीच चादर मळक्या गाठोड्यातून बाहेर आली. जरा चुरगळलेली, पण इस्त्रीची धार तशीच.

दुसऱ्या दिवशी सायकलवरून व्हॅनच्या मागे गेलो. हॉटेलांच्या रस्त्याला ती वळलीच नाही. बंद सिनेमागृहाच्या मागे उभी राहिली. ड्रायव्हरने पाय ताणून मस्त झोप काढली, उठून घड्या मोडल्या, गाठोडी बांधली आणि परत निघाला.

धुतलेल्याच चादरी पुन्हा धुतोय गं आम्ही.

शेठच्या खोलीत घुसलो. ओरडलो. शेठ चिडले नाहीत. दार लावलं, मला बसायला खुर्ची दिली. आजवर कधी दिली नव्हती.

"लॉन्ड्री विकत घेणारे बघायला येतायत," ते म्हणाले. "तोवर ती जुन्यासारखी दिसायला हवी. एकही टेबल रिकामं नको."

"आणि मग?"

"मगचं नवा मालक बघेल. तू त्या पोरीला लिही, ये म्हणावं. तुझं ऐकेल ती. तुझंच भलं आहे त्यात, वेड्या."

हे शुक्रवारचं. आज रविवार. मधल्या वेळात मी तुला एक छोटं, गोड पत्र लिहिलं. 'सगळं पहिल्यासारखं आहे, ये.' पाकिटाला तिकीटही लावलं. मग डोळे मिटून बघितलं. तू गाडीतून उतरलीस, टेबलाशी बसलीस, इथपर्यंत झकास. पुढे ते विकत घेणारे तुझ्या टेबलापाशी उभे, आणि तू न फाटलेल्या चादरीवर मान खाली घालून सुई चालवतेयस. तिथे माझं डोकं फिरलं. पत्र फाडलं.

मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. मग म्हणाल्या, "मला या वयात दुसरीकडे कोण ठेवतंय? माझं राहू दे. तिला थांबव."

तर, येऊ नकोस.

हॉस्पिटलात माणसं खरी आजारी पडतात, तिथल्या चादरी खऱ्या फाटतात. त्यांना हो म्हण. शनिवारची वाट बघू नकोस.

आणि आणखी एक. 'गेल्या वर्षीपेक्षा कितीतरी जास्त पत्रं लिहिते मी तुला,' असं तू लिहिलंस. गेल्या वर्षी तू एकच लिहिलं होतंस, बाई. त्याआधी रोज दुपारी माझ्यासमोर बसून जेवायचीस. मी तुलना त्याच्याशी करतो, त्यामुळे मला शेठसारखे फळे दाखवू नकोस. तुमच्याकडे कपडे धुणारा हवा असेल तर चौकशी कर. त्या शांत माणसाकडे नको, दुसऱ्या कुणाकडे कर. नको असला तरी मी येणारच आहे.

लाल टाक्याचा कोपरा कापून सोबत ठेवलाय. वाकडा आहे, माहीत आहे. उसवू नकोस.

कुठल्याही वर्षाशी ताडून बघ, आधीपेक्षा जास्तच तुझा,
भडकू