भिजलेल्या पट्ट्या

हैफा, सोमवार, नोव्हेंबर १९६३

फार दमलोय. उन्हाळाभर समुद्राच्या पाण्यात ठेवलेल्या फायबरग्लासच्या पट्ट्या आज कारखान्यात वाकवून पाहिल्या. कोरड्या पट्ट्यांपेक्षा कितीतरी कमी वजनाला मोडल्या. आत पाणी मुरलेलं, वरून मात्र चकचकीत!

याच मालाची, आमच्याच कारखान्यातली होडी माझ्या मेहुण्याने, शालोमने, गेल्या वर्षी घेतलीय. तडक बंदरावर गेलो.

"उद्या समुद्रात जाऊ नकोस."

"भावोजी, अजून नवी दिसते ती," तो हसला.

दिसते, हेच तर! भिजलेली पट्टी त्याच्या हातात दिली. गुडघ्यावर दाबताच मोडली. दोघांनी होडी वाळूवर ओढली.

"अशाच होड्या घेतलेल्या बाकीच्या कोळ्यांना कोण सांगणार?" त्याने विचारलं.

मीच. हे कळल्यावर मालक नोकरीवर ठेवेल का? पण उद्या पहाटे कारखान्याआधी बंदरावरच जायचं.