भिंगरीला कोर्टानं विचारलं

चिंगे, तुला थोरल्या ताईचे डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. (तुझं डोकं आता पिकलंय, पण माझा हात त्याहून पिकलेला, तेव्हा चालायचं.) गुडघे कसे आहेत? तुझ्या यजमानांचा खोकला थांबला का, की अजून पहाटे सगळ्या गल्लीला तोच उठवतो? आम्ही इकडे ठीक. ठीक कसले, मी तर इतकी खुशीत आहे की सकाळी एका गिऱ्हाइकाच्या पायजम्याला शर्टासारखी कडक कॉलर काढायला निघाले होते. माझं शिक्षण चौथीचं, तेही अर्धं, तेव्हा पत्रात वाक्यं इकडची तिकडे गेली तर तूच घडी घालून घे.

आपली भिंगरी आमच्याकडेच राहणार! हे शेवटी सांगायचं ठरवलं होतं, पण पोटात राहीना. आता सगळं पहिल्यापासून ऐक.

तुला ठाऊकच आहे, लेक आणि जावई वेगळे झाले, लेक परदेशात दवाखान्यात नोकरीला गेली, आणि त्यांची पोर भिंगरी आमच्या इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत वाढली. आता जावईबापूंनी कोर्टात अर्ज केला की मुलगी माझ्याकडे द्या. माणूस वाईट नाही गं. मोठं घर आहे, मुलीसाठी वेगळी खोली आहे, खोलीत आरसा लावलेलं कपाट आहे. आमच्याकडे काय, तिच्या खोलीत तिचा पलंग, आणि पलंगाखाली गिऱ्हाइकांच्या न नेलेल्या पँटी. कोणता न्यायाधीश आम्हाला पोर ठेवू देईल, या विचारानं माझा घास तोंडात फिरायचा. ह्यांचं तर जेवणच सुटलं. (ह्यांचं जेवण सुटणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. तू ह्यांना लग्नाच्या पंगतीत पाहिलंयस.)

पण वकीलबाई म्हणाल्या, पोरगी पंधराची झाली, आता कोर्ट तिलाच विचारणार. तिच्या मनात काय आहे ते ऐकल्याशिवाय निकाल नाही, तसा कायदाच आहे. मी म्हटलं, तिलाच? मोठी माणसं बाजूला ठेवून? चिंगे, मला शाळेतून काढलं, तेव्हा मला विचारलं होतं का कुणी? तुला काखेत दिलं आणि म्हणाले, हिला सांभाळ. (तुझा राग नाही. तू गुबगुबीत होतीस आणि रडायची कमी.)

तर कोर्टात जायच्या आधी तिथल्या एक बाई घर बघायला येणार होत्या. आता इथं कलमकाकांनी घोळ घातला. कलमकाका म्हणजे आमचे जुने गिऱ्हाईक, नोकरीतून निवृत्त, पण तोंडात सदा कायदा. सदरा टाकायला आले तरी "या कलमाखाली" असं सुरू. त्यांनी भिंगरीला संध्याकाळी दुकानात कॉलरला इस्त्री मारताना पाहिलं आणि ह्यांच्या कानाशी लागले. म्हणाले, सज्ञान न झालेल्या पोरीच्या हातात तापलेली इस्त्री? म्हातारा-म्हातारी दोघं आत जाल, आणि पोरगी आपसूक बापाकडे! झालं. ह्यांनी भरदिवसा दुकानाचं दार लावून घेतलं. आणि मला तर आता डोळ्यांसमोर गजाआडचे ह्यांचे मळके कपडे दिसायला लागले. तिथं इस्त्री कोण करणार?

मग आम्ही काय केलं, ऐक, पण कुणाला सांगू नकोस. आम्ही दुकानच लपवलं. इस्त्र्या पलंगाखाली, गिऱ्हाइकांची गाठोडी न्हाणीघरात, दुकानाची पाटी उलटी करून भिंतीला टेकवली, आणि इस्त्रीच्या टेबलावर फुलदाणी. फुलदाणी शेजारणीची, फुलं प्लास्टिकची. आणि भिंगरीला मी ताकीद दिली, की बाई असेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. पाण्याचा पेलासुद्धा उचलायचा नाही, मी उचलीन. ती म्हणाली, "आजी, अगं, मी आजारी आहे असं वाटेल त्यांना." मी म्हटलं, वाटू दे. ती म्हणाली, "कलमकाकांना विचारून घर चालवायचं असेल, तर मग त्यांनाच ठेवून घ्या इथं." (जीभ आपल्या आईकडून आलीय. म्हणजे तुझ्या आणि माझ्या आईकडून.)

बाई आल्या. साध्या, चष्मा लावलेल्या, अंगात काळा कोट. मी पोरीला खुर्चीवर मूर्तीसारखी बसवली होती. बाईंनी विचारलं, घरात काय काय मदत करतेस? भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले. ती म्हणाली, "काहीच नाही." बाईंनी लिहून घेतलं. पाणी मी पाजलं, पेला मी धरला, पोरीच्या हनुवटीवरचा थेंबसुद्धा मी पुसला. बाईंच्या कपाळावर आठी चढत चाललेली मला दिसत होती, पण मला वाटलं, उन्हाची असेल.

तेवढ्यात ह्यांना सवय आडवी आली. ह्यांच्या हातात पाण्याचा तांब्या आला की बोटं आपोआप शिंपडायला लागतात, इतकी वर्षं कपड्यांवर पाणी मारलेलं. बोलता बोलता ह्यांनी कोर्टाच्या बाईंवर पाणी मारलं! छान, एकसारखं, कडेपर्यंत. मी म्हणाले, काढा कोट, लगेच सुकवून देते. बाई "राहू द्या, राहू द्या" म्हणत राहिल्या, पण मी कोट काढूनच घेतला. मग बाई म्हणाल्या, आता मला मुलीशी एकटीशी बोलायचंय, तुम्ही दोघं बाहेर थांबा. तोही कायदाच म्हणे, मोठ्यांच्या धाकाशिवाय बोलता यावं म्हणून.

आम्ही खाली आलो. मी येताना पलंगाखालून एक इस्त्री ओढून पदराआड आणली होती. फुलदाणी सरकवली, कोट पसरला, इस्त्री तापवली, आणि जिन्याकडे कान लावला. काही ऐकू येईना म्हणून दोन पायऱ्या चढले. मग आणखी दोन. चिंगे, पोरीचं बोलणं ऐकायचं नव्हतं मला, फक्त आवाज ऐकायचा होता, रडतेय की काय एवढाच. हेही माझ्या मागं चढले. आणि इस्त्री राहिली कोटावर.

वास पहिला कुणाला आला असेल? वरून दार धाडकन उघडलं, भिंगरी आम्हा दोघांच्या मधून सुळकन खाली, इस्त्री उचलून उभी केली, ओला फडका मारला, कोट उलटा केला, आतल्या बाजूनं हात फिरवला आणि म्हणाली, "वाचला. नुसता तांबूस झालाय, उन्हात जाईल. आजी, इस्त्री सोडून कुणी जिना चढतं का?" मला म्हणते! जिनं हिला इस्त्री धरायला शिकवलं तिला! आणि नेमकं तेव्हाच रस्त्यावरून एक गिऱ्हाईक ओरडलं, "भिंगरे, माझा शर्ट तूच कर हं, आजोबांकडून कॉलर वाकडी होते!"

बाई जिन्यात उभ्या. मी हात जोडले. म्हटलं, बाई, मला आत टाका, पण पोरीला इथंच राहू द्या, ही कॉलर मारते पण शाळा कधी बुडवत नाही. बाई आधी कोटाकडे बघत होत्या, मग फुलदाणीकडे, मग ज्या हसायला लागल्या त्या पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, आजी, शाळा सुटल्यावर स्वतःच्या घरच्या दुकानात थोडा हात लावला तर कुणी आत टाकत नाही. शाळा बुडवून राबवलं, जिवाला अपाय होईल असं काम दिलं, तर टाकतात. मला तर मघापासून वाटत होतं, या पोरीला तुम्ही हलूसुद्धा देत नाही, घाबरवून ठेवलीय की काय! ह्यांनी लगेच न्हाणीघरातून कलमकाकांचा सदरा काढला आणि त्याची घडी मोडून टाकली.

मग कोर्टाचा दिवस. न्यायाधीशांनी तिला आपल्या खोलीत एकटीला बोलावलं. बाहेर बाकावर मी, हे आणि पलीकडे जावईबापू. वाईट वाटलं गं त्यांच्याकडे पाहून. शर्टाची कॉलर एका बाजूनं चुरगळलेली, आणि गुडघ्यावर खाऊचा पुडा, ती सात वर्षांची असताना तिला आवडायचा तो. भिंगरी बाहेर आली ती सरळ बापाकडे गेली. तळव्यांनी त्यांची कॉलर सारखी केली. म्हणाली, "बाबा, शाळा इथं, सुट्टी तुमच्याकडे. तुमच्या कपाटातले सगळे शर्ट मी नीट करणार आहे." त्यांनी डोळे पुसले आणि पुडा ह्यांच्या हातात दिला. (ह्यांचं जेवण तिथल्या तिथं परत सुरू झालं.)

निकालही तसाच लागला. न्यायाधीश म्हणाले, मुलीनं विचार करून सांगितलंय, आणि पुढं तिचं मन बदललं तर तेही ती सांगू शकते. माझ्या काळजात जरा चर्र झालं. पण मग वाटलं, बरोबरच आहे. राहायचं ते मनानं राहावं. चिंगे, हा कायदा कुणी लिहिला मला माहीत नाही, पण तो माणूस सापडला तर त्याच्या घरच्या सगळ्यांच्या कपड्यांना मी जन्मभर फुकट इस्त्री करीन. चादरीसुद्धा. त्या बाईंचा कोट तर मी परवा हक्कानं पुन्हा इस्त्रीला मागवून घेतला. त्यांनी दिला, पण या वेळी दुकानात उभ्या राहून माझ्याकडे बघत बसल्या.

तुझी थोरली,
ताई

ता. क. पत्र खरं म्हणजे याच्यासाठी लिहिलंय. भिंगरीनं न्यायाधीशांना आणखी एक सांगितलं होतं, की आजी दार न वाजवता माझ्या खोलीत घुसते. न्यायाधीशांनी मला बोलावून सांगितलं, आजी, या वयात मुलांना थोडा आडोसा लागतो, दार वाजवत जा. मी शब्द दिलाय. तर तू वर्षातून दोनदा येतेस आणि त्याच खोलीत घोरतेस, त्याचं आता माझ्या हातात काही नाही. तिला वेगळं पत्र टाक आणि विचार. "बाळ" म्हणून सुरुवात करू नकोस. आणि ती नाही म्हणाली, तर खाली टेबलाजवळ गादी घालीन, तिथं उबही असते.

ता. क. अक्षर वाकडं आलंय, कारण चष्मा तिच्या खोलीत राहिलाय. पत्र सुरू करायच्या आधी दार वाजवलं, आतून आलं, "थांब गं आजी." आत्ता पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. मी आपली जिन्यावर बसलेय, बिनचष्म्याची. थांबण्यात इतकं सुख असतं, चिंगे, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.