पल्याडचा काठ

माय, मास्तरांचं चित्र आता माझ्या घरी आहे. तू ते चुलीसमोरच्या भिंतीला लावलं होतंस, म्हणून आभाळाचा वरचा कोपरा धुरानं पिवळा पडलाय. लेक म्हणते, साफ करून घे. मी कशाला करू? तो धूर तुझ्या चुलीचा आहे.

राज्य नवं झालं, त्या सुमारास कोकणातले ड्रॉइंग मास्तर मेहकरच्या शाळेत आले. तू बाजारात भाजी घेऊन बसायचीस, मी तुझ्या पाठीशी. कोथिंबिरीला आपण सांबार म्हणतो हे कळायला त्यांना किती दिवस लागले, आणि तू त्यांची किती थट्टा केलीस! तरी एकटा माणूस म्हणून वांग्यांवर मूठभर सांबार फुकट टाकायचीस. बदली झाली तेव्हा ते हे चित्र घेऊन आले. तिन्हीसांजेचा समुद्र, काळे खडक, त्यांवर फुटणारं पाणी. फेस रंगवलेला नाहीच, तिथं नुसता कोरा कागद सोडलाय. खडक इतके ओले की तू बोट लावून पाहिलंस. पैनगंगेपलीकडे तू पाणी पाहिलेलं नव्हतं. बराच वेळ बघून तू विचारलंस, "मास्तर, पल्याडचा काठ काऊन नाही काढला? कागद सरला काय?"

मास्तर हसले. समुद्राचा पलीकडचा काठ दिसतच नाही, म्हणाले. तू मात्र हसली नाहीस.

"मंग सांजच्याले डोये कुठी टेकवता तुमी?"

त्या दिवशी मास्तर सांबार घ्यायचंही विसरले.

मग रोजचंच झालं. तू भाकर थापतेस, तव्यावर टाकतेस आणि ती फुगेपर्यंत त्या पाण्याकडे बघत बसतेस. मी म्हणते, नोकरी लागली की तुला समुद्र दाखवीन. तू म्हणतेस, मग वांग्यांना पाणी कोण देईल? नोकरी लागली आणि त्याच उन्हाळ्यात तू गेलीस.

परवा लेकीनं मला समुद्रावर नेलं. अगदी तीच वेळ होती आणि खडक मास्तरांनी काढले तसेच ओले होते. सगळे बुडता सूर्य बघत होते. मला तुझी फार आठवण आली, माय. लेकीनं विचारलं, काय शोधतेस? मी म्हटलं, काही नाही.

हे पत्र घडी करून फ्रेमच्या मागं सरकवते. तिला नाही सांगितलं, तुला सांगते. मी पल्याडचा काठ शोधत होते. तिकडं तू बसलेली दिसशील, असं वाटलं होतं.